पेटीतले मासे, बादलीतले मासे

आमच्या मोरीत एक निळी बादली आहे. काठ चिरलेला, दांडी तारेने बांधलेली. मुलगा म्हणतो, बाबा ही फेका, मी नवी आणून देतो. मी म्हणतो, राहू दे. तो उधन्याला वेगळा राहतो. रविवारी येतो, तासभर मोबाईल बघतो, जेवतो आणि जातो. त्याला त्या बादलीचं काय सांगायचं? जिला सांगायचं होतं ती गेली. आठ महिने झाले.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय लागली ती मिलमधल्या रजिस्टरने, आणि त्या रजिस्टरात मी कित्येक वर्षं खोटं लिहिलं. हे पहिल्यांदाच खरं लिहितोय. तेव्हा अक्षराकडे आणि शुद्धलेखनाकडे बघू नका.

आमचं गाव खानदेशात, तापीच्या काठी. तीच तापी पुढे सुरतेला येते, आणि तिच्या मागेमागे आमची अर्धी गावं सुरतेला आली. मी पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या मिलमध्ये लागलो. पहिली बारा वर्षं रंगाच्या मशीनवर होतो. एकदा कॉस्टिकची नळी सुटली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं वळेनात. मग मला मशीनवरून काढून मागच्या बाजूला, मैल्या पाण्यावर टाकलं.

मैलं पाणी म्हणजे रंगवून, धुवून उरलेलं. मिलमागे तीन हौद होते. पहिल्यात ते पाणी वाफाळत येई, दुसऱ्यात आम्ही चुना आणि फटकडी, म्हणजे तुरटी, टाकून ढवळत असू, तिसऱ्यात गाळ खाली बसे. वरचं पाणी पाईपाने खाडीत. चुना महाग झाला की कमी टाकायचा, साहेब येणार असला की जास्त टाकायचा. एवढंच काम. वास अंगाला असा चिकटे की बायको मला दारातच थांबवी. "आधी मोरीमा जा," म्हणे, "मंग मनासंगे बोला." तिच्या तोंडात शेवटपर्यंत अहिराणीच राहिली. मी मिलमध्ये हिंदी, गुजराती, सगळं मिसळून बोलायचो, पण घरात शिरलो की तीच भाषा कानावर पडायची.

आम्ही राहायचो बमरोलीत, मुकादमाच्या चाळीत. मुकादम आमच्याच शेजारच्या गावचा. चाळीतल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना त्यानेच आमच्या मिलमध्ये चिकटवलं होतं. खोली त्याची, काम त्याचं. काम गेलं की खोली जायची. गावाकडे माझ्या वाट्याला जे शेत होतं ते भाऊ कसत होता, आणि त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. म्हणजे परतायला जागा नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात लोक म्हणतील, मग सोडून का नाही दिलं? कुठे जाणार होतो?

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. प्लेगनंतर शहर अंग खरवडून धुतल्यासारखं झालं होतं. सगळीकडे तपासणी. आमच्या मिलमध्येही पाणी तपासणारा सरकारी साहेब आला आणि त्याने नवीनच काढलं. नुसतं बाटलीत पाणी नेऊन चालणार नाही, म्हणाला, पाण्यात मासे सोडून दाखवा.

तपासणी अशी. काचेच्या दोन पेट्या. एकीत साधं पाणी, दुसरीत आमच्या तिसऱ्या हौदातलं. दोन्हीत बोटाएवढे दहा-दहा मासे सोडायचे. चार दिवस थांबायचं. आमच्या पेटीतले दहापैकी नऊ तरी जगले तर पाणी पास. नाहीतर मिलला नोटीस, आणि नोटीशीनंतर टाळं.

मिलमध्ये माशांचं कोणाला काही ठाऊक नव्हतं. आमचा केमिस्ट पोरसवदा गुजराती, शाकाहारी घरातला. मासा हातात धरायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याने विचारलं, "काका, तुम तो नदीवाले हो ना? मछली देखी है?" देखी है म्हणजे काय! लहानपणी उन्हाळ्यात तापीच्या डबक्यांत आम्ही हातांनी मासे धरायचो. अशा रीतीने मी माशांचा माणूस झालो.

पहिल्या तपासणीत माझी फजिती झाली. मासे बीजकेंद्रातून आणले होते, कटल्याची पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. एका पेटीत मी सरळ नळाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला तर नळाच्या पाण्यातले दहाही मासे पोट वर करून तरंगत होते. प्लेगनंतर नळाच्या पाण्यात इतकं औषध टाकत होते की चहालाही त्याचा वास यायचा. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साहेब हसायला लागला. "साफ पानी में ही मर गए? घर में यही पीते हो क्या, काका?" सगळे हसले. मीही हसलो. आमच्या पेटीतले मेले होतेच, पण त्या हसण्यात ते विसरलं गेलं. साहेब म्हणाला, तपासणी परत करा, दोन आठवड्यांनी येतो.

दुसऱ्या खेपेला मी नळाचं पाणी दोन दिवस पिंपात उघडं ठेवलं, उन्हात. औषध उडून गेलं. मग आधी आपणच घरच्या घरी करून पाहू, म्हणून केमिस्टने साहेब यायच्या आत मासे सोडायला लावले. साध्या पाण्यातले मजेत फिरत होते. आमच्या पाण्यातल्यांकडे मी स्टूल घेऊन बसलो. आधी ते वर आले आणि तोंडं उघडून हवा ओढायला लागले. मग वेड्यासारखे काचेवर आपटायला लागले. मग एकेक तिरपा झाला. कल्ल्यांतून बुळबुळीत पांढरं यायला लागलं. केमिस्ट दोन वेळा येऊन डोकावून गेला. तिसऱ्या वेळेला आला तेव्हा एकही हलत नव्हता. चार दिवसांची तपासणी, आणि आमच्या पाण्याने दुपारच्या चहापर्यंत आटपली.

केमिस्टचा चेहरा उतरला. "काका, सेठ मुझे निकाल देगा. और ताला लगा तो तुम सब भी जाओगे."

संध्याकाळी मुकादम माझ्याकडे चाळीत आला. दारातच उभा राहिला. "भाऊ," म्हणाला, "तुना हातमा शे. कसं बी कर."

हे सांगायला कोण कशाला पाहिजे होतं? मीच रात्रभर तोच विचार केला. आणि सकाळी मला मरळ आठवली.

उन्हाळ्यात गावाकडे डबकी आटत, तेव्हा कटले, मुऱ्या सगळे आधी मरायचे. मरळ मरत नसे. तिला पाण्यातली हवा लागत नाही, ती वर येऊन आपल्यासारखी हवा गिळते. नुसत्या चिखलात पडून राहते. आम्ही पोरं तिला चिखलातून उकरून काढायचो आणि ती हातात वळवळायची. मी सायकल काढली आणि इच्छापोरच्या बाजूला गेलो. तिथे भाताच्या शेतांजवळच्या चरांत मरळीची पिल्लं मिळाली, बोटाएवढी. दहा आणली.

साहेबाने मासे आणा म्हटलं होतं. कोणते ते त्याच्या कागदावर होतं की नाही, मला माहीत नाही. तो पेटीपर्यंत यायचाही नाही. रुमाल नाकाला लावून दारातूनच मोजायचा.

मरळ उडी मारते म्हणून पेटीवर मी खराब निघालेल्या साडीचा तुकडा बांधला. चौथ्या दिवशी मोजले तर आमच्या पेटीत नऊ. दहावा कुठे गेला? जमिनीवर नाही, पेटीखाली नाही. मग पाहिलं, त्यातली एक जरा जाड दिसत होती. धाकटीला खाऊन बसली होती. साहेबाने विचारलं, "एक मरा?" मी म्हटलं, "हां साहेब, एक." त्याने लिहिलं, दहात नऊ. पाणी पास. केमिस्टने मला मिठी मारली, वास येत असूनही. पुढच्या वेळेपासून मी सगळ्या एका मापाच्या आणायला लागलो, आणि मग दहाच्या दहा जगायला लागल्या.

त्या दिवशी मी छाती काढून घरी आलो. मुकादमाने रस्त्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चाळीत पुरुष माझ्या पाठीवर थापा मारत होते. बायकोने विचारलं, "खरंच मासा जगनात?"

"चार दिवस," मी म्हटलं. "आमच्या पाण्यात."

"म्हणजे पाणी सुधारनं?"

इथे मी बोलायला पाहिजे होतं. तिला मरळीचं सांगितलं असतं तर ती हसली असती, कदाचित शिव्या घातल्या असत्या, आणि तिथेच संपलं असतं. पण हात भाजल्यापासून माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं. मी म्हटलं, "सुधारनं म्हणजे काय! पास झालंय." तिने पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर तूप. ते तूप मला अजून आठवतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, लुगडं लावून देवी करायची, रविवारी मांडायची, रात्र जागवायची आणि सोमवारी पाण्यावर न्यायची. पाटावर ठेवून बाई डोक्यावर घेते. पाण्यात कानबाईला अंघोळ घालायची, ते पाणी सगळ्यांनी डोळ्यांना लावायचं, आणि काठची वाळू पाटावर घेऊन घरी आणून चारी कोपऱ्यांत, धान्याच्या कोठीत टाकायची. आणि एक नेम असा, की डोक्यावर घेतलेली कानबाई पाणी लागेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही.

खाडी बिघडली तशी चाळीतल्या बायका टेम्पो करून तापीवर जायच्या. म्हाताऱ्यांना टेम्पोत चढता येत नव्हतं. एक तर मागच्या वर्षी पडली होती. या वर्षी माझ्या बायकोनेच काढलं. पाण्याच्या नळावर सगळ्या बायकांना सांगितलं, "कसाले टेम्पो? आपली खाडी दारशी शे. मना घरना माणूस रोज तपासस. मासा जगतस तठे."

मला ते कळलं तेव्हा पुढच्या सोमवारी जायचं ठरून गेलं होतं. मी म्हटलं, टेम्पोच बरा.

"का बरं?"

"खाडीच्या काठाला वाळू नाही. गाळ आहे."

"गाळ तर गाळ. आपला शेतमा काय वाळू व्हती?"

सात दिवस तसेच गेले. रोज कामावर जाऊन हौद ढवळत होतो आणि तिसऱ्या हौदाकडे बघत होतो. त्या आठवड्यात गर्द जांभळ्याची ऑर्डर चालू होती. खाडी जांभळी वाहत होती आणि ती जांभळ्या गाळाची माती आमच्या धान्याच्या कोठीत जाणार होती. बायकोला सांगावं तर ती बायकांना सांगणार. बायकांना कळलं की पुरुषांना कळणार, पुरुषांना कळलं की मुकादमाला, आणि कोणी बाहेर बोललं की मिलला टाळं. न सांगावं तर ती त्या पाण्यात उतरणार. मी जेवताना तिच्याकडे बघायचो नाही. तिला वाटलं माझा हात दुखतोय. तेल चोळून द्यायची.

सोमवारी सगळी चाळ निघाली. पुढे ढोल, मग बायका फुगड्या घालत, मागे पुरुष. पुढच्या पाटावरची कानबाई माझ्या बायकोच्या डोक्यावर. नवं लुगडं नेसली होती. खाडीच्या काठाला उतार होता. तिने चपला काढल्या आणि एक पाय गाळात घातला. घोट्यापर्यंत रुतला. दुसरा उचलला.

मी कधी धावलो मला कळलं नाही. मी जाऊन पाटाची कड धरली.

"मागे फिर व," म्हटलं. "आत जाऊ नको."

ती दचकली. पाट हलला. बायका ओरडल्या, "अय माय व! हात काढा! कानबाई डोकावर शे!" चाललेल्या कानबाईला पुरुषाने असं धरून थांबवणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. ढोल बंद पडला.

"काय व्हयनं?" बायकोने विचारलं. तिला मान वळवता येत नव्हती. पुढे पाण्याकडे बघतच विचारलं.

"ते मासे दुसरे होते," मी म्हटलं. "मरळी. मरळ चिखलात पण जगते. मी मुद्दाम आणल्या."

मुकादम मागून पुढे आला. "भाऊ, तोंड सांभाळ. तू काय बोली ऱ्हायना तुले समजस का?"

"समजतं."

एक म्हातारी म्हणाली, "मंग आतेपावत काय मरळ गिळी बसना व्हता का रे?" कोणीतरी हसलं, पण ते हसू तिथेच मेलं.

बायको तशीच उभी. एक पाय गाळात. मग म्हणाली, "आणि साधा मासा? त्या कितला ग्यात?"

"समदा ग्यात," मी म्हटलं. "दुपारपर्यंत."

तिने गाळातला पाय ओढून काढला. चप्पल शोधायला वाकता येत नव्हतं, तशीच अनवाणी वळली. कानबाई जमिनीला टेकवायची नव्हती आणि टेम्पो त्या वेळेला मिळणार नव्हता. ती सरळ तापीच्या रस्त्याला लागली. दोन-तीन बायका तिच्या मागे गेल्या, मग सगळ्याच. बमरोलीपासून तापीपर्यंत चालत. मान अवघडली की पाट एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर, जमिनीला लागू न देता. म्हाताऱ्या मागे राहिल्या, त्यांना रिक्षात घातलं. ट्रकवाले हॉर्न मारत होते. पुरुष अर्ध्या वाटेतून परतले. मी मागे दहा पावलांवर तिची चप्पल हातात घेऊन चालत होतो. कोणी माझ्याशी बोललं नाही.

तापीवर सगळं झालं. ती ओल्या लुगड्याने वर आली, वाळूचा पाट बाजूला धरला आणि माझ्या हातातून चप्पल घेतली.

"मिलमा काय लिखनं ते लिखा," म्हणाली. "सायेबले काय सांगानं ते सांगा. पोरंसना पोटना सवाल शे, माले समजस. पण घरमा माले खरं पाहिजे. माले एकलीले."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं तसंच केमिस्टने आत बोलावलं. मुकादम त्याच्या बाजूला उभा. मी घरून डबा न घेताच गेलो होतो, परत यायचंच आहे म्हणून. केमिस्ट म्हणाला, "काका, आखी चाळीमां बोल्या तमे?" मी मान हलवली. त्याने ड्रॉवरमधून कुलूप-किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"मछलीका कमरा आजसे तुम्हारा. दूसरा कोई अंदर नहीं जाएगा. रजिस्टर भी तुम भरोगे, सही भी तुम्हारी."

मला समजायला वेळ लागला. बाहेर काढलं असतं तर मी बाहेर बोललो असतो. म्हणून आत ठेवलं. आता खोटं माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. नोकरी जाईल म्हणून मी घाबरत होतो. गेली नाही तेव्हा जास्त घाबरलो. मुकादमाने बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला. "सुटना भाऊ तू," म्हणाला. तो मनापासून म्हणत होता.

मग मी एक काम केलं. भांडारातून एक निळी बादली घेतली आणि पंपाच्या खोलीमागे, कोणी जात नाही तिथे ठेवली. दर तीन महिन्यांनी तपासणी असे. साध्या पाण्याच्या पेटीसाठी कटल्याची पिल्लं यायचीच, पिशवीत दहाबारा जास्त असत. ती मी बादलीत सोडायचो, आमच्या हौदाच्या पाण्यात. पेटीत मरळी. रजिस्टरात पेटीतलं लिहायचं. बादलीतलं लक्षात ठेवायचं आणि घरी न्यायचं.

मोरीतून अंग धुऊन आलो की ती विचारी, "कितला ग्यात?"

"दहा."

"कितला येळमा?"

"सांजपर्यंत."

एवढंच. मग जेवण. कधी ती म्हणे, "आज भाजी धाकला बाजारमाईन नका आनू," कारण तिथली पालेभाजी खाडीच्या पाण्यावर पिकायची, आणि मग आठवडाभर आमच्याकडे डाळ. कधी नळावर दुसऱ्या चाळीतल्या बायकांना नुसतं म्हणे, पोरांना खाडीकडे जाऊ देऊ नका. कारण विचारलं तर सांगायची नाही. पहिल्यांदा मला तिच्या विचारण्याचा राग यायचा. मग सवय झाली. मग असं झालं की चुना मी जरा जास्तच टाकायला लागलो, ढवळायला लागलो तर थांबेना. एकदा दहातले तीन दुसऱ्या सकाळपर्यंत जगले. मी सायकल हाणत घरी आलो आणि दारातूनच ओरडलो, "तीन!" मोरीत जायच्या आधी. ती भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे, आणि हसली. सेठने चुन्याचा खर्च पाहिला आणि पुढच्या महिन्यात पोती मोजून द्यायला लावली. परत दहाच्या दहा मेले. तेही मी सांगितलं.

पाप लागतं असं मला वाटायचं. दर वेळी दहा जीव मारायचे, कशासाठी, तर एका बाईला सांगायला. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "पेटीमा ठेवतस त्या खोट्याले. ह्या खऱ्याले."

घरात ती बोलण्याचीच एक रीत पडली. मुलगा दहावीचा पेपर देऊन आला आणि म्हणाला चांगला गेला, की ती विचारायची, "पेटीमातलं सांगस का बादलीमातलं?" पोरगं मान खाली घालायचं. सोयरिकीच्या वेळी मुलीकडचे लोक शेताचं सांगत होते तेव्हा तिने आतून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच बोटाने बादलीची कडी धरल्यासारखं केलं. मला हसू आवरेना. पाहुण्यांना वाटलं मी त्यांना हसतोय.

पुढे सगळ्या मिलांचं पाणी एकत्र एका मोठ्या जागी न्यायला लागले आणि आमचा माशांचा कमरा बंद झाला. मी कायमचा कामावरून उतरलो तेव्हा बादली उचलून घरी आणली. कोणी विचारलं नाही. तिने राखेने घासली, मोरीत ठेवली. "आते हाई बी मोकळी व्हयनी," म्हणाली.

मागच्या वर्षी तिला अन्न जाईना. पाय सुजले, डोळे पिवळे झाले. मुलाने दवाखान्यात भरती केलं. खाडीमुळे झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाला नाही. आमच्या चाळीतल्या पुष्कळ बायका धडधाकट आहेत. मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी इथे लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरने मला आणि मुलाला बाहेर व्हरांड्यात घेतलं. हळू बोलला. मुलगा भिंतीला टेकला. मी तोंड धुतलं आणि आत गेलो.

ती जागी होती. नळ्या लावलेल्या. माझ्याकडे बघितलं आणि बोटाने जवळ बोलावलं.

"डॉक्टर काय म्हणना?"

मी स्टूल ओढलं.

"पेटीमातलं नका सांगू," म्हणाली. "बादलीमातलं सांगा."

मी म्हटलं, "बरी होशील. औषध लागू पडलं म्हणतो. आठ दिवस इथे राहायचं, मग घरी."

इतकी वर्षं मी तिला दर वेळी खरं सांगितलं होतं. मेलेले मासे मोजून सांगितले होते. आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून हे आलं, सहज, जसं साहेबापुढे यायचं.

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "मंग तुम्हीन आज बादली भरीच नही," म्हणाली, आणि तोंड पलीकडच्या कुशीला फिरवलं.

ती त्यानंतर तीन दिवस शुद्धीवर होती. घरी कधी न्याल, असं दुसऱ्या दिवशी मुलाला दोनदा विचारलं. त्याने माझंच सांगितलं, आठ दिवसांनी. मला विचारलं नाही. मी स्टुलावर बसून होतो. सांगायला तीन दिवस होते. एकदा जीभ उचलली, तर नर्स आली. मग ती झोपली. मग झालं. पडद्याच्या पलीकडे दुसऱ्या कोणाची तरी माणसं डबा उघडून जेवत होती.

डॉक्टर व्हरांड्यात म्हणाला होता, आमच्या हातात आता काही नाही, यांना आजच घरी न्या, घरच्यांत राहू द्या.